पासबुकातल्या दोन पेन्शनी

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात प्राप्तिकराच्या पोर्टलने मला कळवलं, की तुम्हाला १७,८०० रुपये परत मिळणार आहेत. मी तोवर काहीच केलं नव्हतं. पॅन टाकला, पासवर्ड टाकला, आर्थिक वर्ष २०२४-२५चं विवरणपत्र उघडलं. कर मोजायच्या जुनी आणि नवी अशा दोन पद्धती, त्यातली नवी करप्रणाली आधीच निवडलेली, पगाराचा आकडा आधीच भरलेला, व्याजाचाही भरलेला. एकूण उत्पन्न ६,७३,३००, कर शून्य, बँकेने व्याजातून आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, सगळाच्या सगळा परत.

भाचा शेजारी बसला होता. म्हणाला, “मावशी, दाब की बटण. पाच मिनिटांत काम झालं.”

मी थांबले, त्याचं कारण हुशारी नव्हे. माझ्या दोन पेन्शनी त्या कागदावर कुठेच दिसेनात, एवढंच.

मी ३० जून २०२४ला निवृत्त झाले. वय ५८, खासगी कंपनीचं स्टोअर्स खातं, नोकरी २७ वर्षं ८ महिने. माझे यजमान राज्य सरकारच्या नोकरीत होते. ते जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून त्यांची फॅमिली पेन्शन मला मिळते. कंपनीत असेपर्यंत आम्हा सगळ्यांची रिटर्न्स एकच सीए भरायचे. मी पासबुकाची झेरॉक्स द्यायची, ते आकडा सांगायचे, मी ओटीपी सांगायची. नोकरी सुटली तशी ती सोयही सुटली. म्हटलं, सत्तावीस वर्षं खिळ्या-नटांचा हिशेब ठेवला, आता स्वतःचा ठेवून बघू.

महिना सुरू झाला की माझ्या पासबुकात दोन ओळी छापल्या जातात. एक ४,०५० रुपयांची, ती माझी, भविष्यनिर्वाह निधीच्या ईपीएस योजनेची. दुसरी २८,२०० रुपयांची, ती ह्यांच्या पश्चात येणारी. मी दोन्हींना पेन्शनच म्हणते, बँकेतली मुलगीही पेन्शनच म्हणते. प्राप्तिकर खात्याच्या लेखी मात्र त्यातली पहिली पगार आहे आणि दुसरी पगार नाही.

हे डोक्यात शिरायला मला एक अख्खी दुपार लागली. शेवटी गेल्या वर्षीच्या रिटर्नची प्रत काढली, तेव्हा उलगडलं. सीएंनी फॅमिली पेन्शन बँकेच्या व्याजाच्या पंगतीला बसवली होती, ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली. कायद्याचं म्हणणं सरळ आहे. तुम्ही ज्याच्याकडे राबलात त्या राबण्यापोटी निवृत्तीनंतर दरमहा काही येत असेल, तर तो पगाराचाच पुढचा धागा. सरकारची नोकरी मी कधी केली नाही. त्यामुळे ह्यांच्या नोकरीपोटी मला येणारे पैसे पगार ठरत नाहीत. पैसे कशासाठी खर्च होतात, कोणाचं घर त्यावर चालतं, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. पैसा कोणत्या नात्याने आला, तेवढंच बघतात.

आणि नातं बदललं की वजावटही बदलते. पगार आणि स्वतःची पेन्शन यांच्यावर मिळून नव्या प्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आहे, जुन्या प्रणालीत ५०,०००. फॅमिली पेन्शनला ती लागू नाही. तिला वेगळी, खूपच लहान: मिळालेल्या रकमेचा एकतृतीयांश किंवा नव्या प्रणालीत २५,००० रुपये, यांतलं जे कमी असेल ते. जुन्या प्रणालीत तर १५,०००च. एका वजावटीतलं उरलेलं दुसरीकडे ढकलता येत नाही. पुढच्या वर्षीपासून माझी स्वतःची पेन्शन वर्षाला ४८,६०० रुपये, म्हणजे ७५,००० रुपयांतले २६,४०० रुपये नुसते वाया. ते उचलून ह्यांच्या पेन्शनीला लावावेत म्हटलं तर तशी वाटच नाही.

फॅमिली पेन्शनीची आणखी एक खोड. ती पगार नसल्याने बँक तिच्यावर पगारासारखा टीडीएस कापत नाही. कापला नाही, म्हणून माझ्या २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या उताऱ्यात, तिची नोंद नाही, आणि एआयएस या वर्षभराच्या उत्पन्न-व्यवहारांच्या यादीतही मला ती सापडली नाही. वर्षाचे ३,३८,४०० रुपये, आणि पोर्टलला पत्ता नाही. ओळखीच्या दोन बायका मला शपथेवर सांगत होत्या की फॅमिली पेन्शनवर कर नसतोच; असता तर कापला नसता का? त्यांचा समज कुठून आला ते मला त्या दुपारी कळलं. कर कापला न जाणं आणि कर नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तर फॅमिली पेन्शन मी घातली. ईपीएसचे नऊ महिन्यांचे ३६,४५० पगाराच्या रकान्यात वाढवले. परतावा गेला आणि त्या जागी वर्षाच्या एकूण कराचा आकडा आला. तो पन्नास हजारांच्या पुढे. पडद्याकडे बघून भाच्याने “मावशी, सॉरी” म्हटलं, जणू कर त्यानेच लावला होता.

तो आकडा मला पटेना. स्टोअर्समधल्या माणसाला एक सवय असते: शिल्लक जुळली नाही तर आधी पावती बघायची. कंपनीने दिलेलं फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, घेऊन बसले.

निवृत्तीच्या वेळी मला ठोक रकमा तीन मिळाल्या. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि साठलेल्या रजेचे पैसे. पीएफची कटकट नव्हती. सलग पाच वर्षांहून जास्त नोकरी झालेल्याला मान्यताप्राप्त फंडातली रक्कम करमुक्त असते. निवृत्तीनंतर ती तिथेच पडून राहिली असती तर पुढचं व्याज करपात्र झालं असतं. माझी जुलैअखेर हातात आली. ग्रॅच्युइटीही नीट होती. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ७८,०००. त्याला २६ने भागून १५ने गुणलं की ४५,०००. नोकरीच्या २७ वर्षांवर सहा महिन्यांहून जास्त काळ झाला की पुढचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून २८. एकूण १२,६०,०००. ग्रॅच्युइटी कायद्यात बसणाऱ्या खासगी कर्मचाऱ्याला २० लाखांपर्यंत माफी असल्याने त्यातला रुपयाही करपात्र नाही.

घोळ रजेत होता. माझी २१० दिवस रजा शिल्लक होती, म्हणजे सात महिने. शेवटच्या पगाराच्या दराने कंपनीने ५,४६,००० दिले. फॉर्म १६मध्ये त्यातले ३,००,००० करमुक्त आणि २,४६,००० करपात्र असं लिहिलं होतं. तो तीन लाखांचा गोल आकडा बघूनच मला शंका आली. हिशेबातून आलेली रक्कम इतकी गोल नसते. असा आकडा कुठल्या तरी मर्यादेचाच असतो. आणि मर्यादा तर बदलली होती. बिगरसरकारी कर्मचाऱ्यांसाठी ती अनेक वर्षं तीन लाखांवर अडली होती, १ एप्रिल २०२३पासून पंचवीस लाख झाली. आमच्या पगारपत्रकाच्या तक्त्यात कोणीतरी ती बदलायचीच राहिली होती.

पगार विभागात फोन केला. पलीकडचा मुलगा नवा होता, मला ओळखत नव्हता. तो म्हणाला, “मॅडम, तुमचा टीडीएस तर शून्यच आहे, मग तुम्हाला फरक काय पडतो?” त्याचंही चुकीचं नव्हतं. तीन महिन्यांचा पगार ३,१५,००० आणि ही वाढीव रजा धरूनही कंपनीच्या हिशेबात मला कर लागत नव्हता. सात लाखांच्या आत होते. त्याला माझी फॅमिली पेन्शन आणि व्याज कुठे माहीत? त्याच्या कागदावरची चूक निरुपद्रवी होती. माझ्या कागदावर तीच चूक पंचवीसेक हजारांची होत होती.

पण पूर्ण ५,४६,०००ही करमुक्त नव्हते, आणि ही गंमत मला सगळ्यात आवडली. रजेच्या माफीला चार मोजमापं लावतात: प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, पंचवीस लाख, दहा महिन्यांचा सरासरी पगार, आणि शिल्लक रजेची सरासरी पगाराने येणारी किंमत. चारांत जे सर्वांत लहान तेवढंच करमुक्त. सरासरी कसली? निवृत्तीच्या लगेच आधीच्या दहा महिन्यांची. माझ्या बाबतीत सप्टेंबर २०२३ ते जून २०२४. त्यातले सात महिने माझा पगार ७५,००० होता, एप्रिलच्या वेतनवाढीनंतरचे तीन महिने ७८,०००. सरासरी आली ७५,९००. सात महिन्यांचे ५,३१,३००. म्हणजे कंपनीने शेवटच्या दराने पैसे दिले, कायद्याने सरासरी दराने माफी दिली, आणि मधले १४,७०० करपात्र ठरले. निवृत्तीच्या तीन महिने आधी मिळालेली वेतनवाढ अशी मागच्या दाराने कर घेऊन गेली. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर मांडलेलं ते गणित मी अजून फाडलेलं नाही.

दिरांना हे सांगितलं तर ते हसले. ते सरकारी नोकरीतून निवृत्त. “वहिनी, आम्हाला सरासरी-बिरासरी काही नाही. रजेचे सगळे माफ, ग्रॅच्युइटी सगळी माफ.” त्यांनी पेन्शनचा काही भाग विकला होता, म्हणजे अंशराशीकरण केलं होतं, त्याचे एकरकमी पैसेही पूर्ण करमुक्त. खासगी नोकरीत पेन्शन विकली तर ग्रॅच्युइटी मिळालेल्याला पूर्ण पेन्शनच्या विक्रीमूल्याच्या एकतृतीयांशापर्यंतच माफी असते, ग्रॅच्युइटी न मिळालेल्याला निम्म्यापर्यंत. दरमहा येणारी पेन्शन मात्र दोघांनाही सारखीच करपात्र. भाऊजींना वाटत होतं की विकलेल्या भागाचे पैसे माफ आहेत तर उरलेली पेन्शनही माफच असणार. तेवढ्यापुरती मी एकदा त्यांच्यावर मात केली.

दुरुस्त फॉर्म १६ यायला तीन आठवडे गेले. मुदत तेव्हा १५ सप्टेंबरपर्यंत वाढवलेली होती, म्हणून जीव भांड्यात पडला. एरवी ३१ जुलैच असते. मुदतीचं महत्त्व मला दंडासाठी नव्हतं. मुदत उलटल्यावर रिटर्न भरलं तर जुनी करप्रणाली निवडता येत नाही, नवीच घ्यावी लागते. आणि माझ्याकडे जुनी निवडायला एक कारण होतं.

ते कारण माझ्या डाव्या पायात आहे. लहानपणी पोलिओ झाला. पायाला आधाराचं कॅलिपर लावून मी शाळा केली, कॉलेज केलं, स्टोअर्सच्या लोखंडी जिन्यावरून सत्तावीस वर्षं चढ-उतार केली. प्रमाणपत्रावर अस्थिव्यंग, ५५ टक्के, कायमस्वरूपी असं लिहिलंय. जांभळा शिक्का आता इतका फिका झालाय की तिरपा धरल्याशिवाय दिसत नाही. सुदैवाने यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवलंय.

माझा वर्षानुवर्षं असा समज होता की अपंग माणसाच्या पेन्शनीला काहीतरी वेगळी वागणूक असेल. तशी काही नसते. माझी ईपीएस असो की फॅमिली पेन्शन, अपंग म्हणून त्यातला एक रुपयाही करमुक्त होत नाही. उत्पन्न पूर्ण धरतात. मग कलम ८०यूखाली ७५,००० रुपये वजा करू देतात. अपंगत्व ४० टक्के असो की ७९, रक्कम तीच. ८० टक्के झालं की एकदम १,२५,०००. तुम्ही वर्षात औषधपाण्यावर, कॅलिपरवर काय खर्च केला याच्याशी तिचा काही संबंध नाही. पावत्या मागत नाहीत, ही त्यातली चांगली बाजू. वाईट बाजू ही की २०१५च्या अर्थसंकल्पात ७५,००० झाले ते तिथेच आहेत. त्यानंतर मी तीन कॅलिपर बदलले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक माजी सैनिक राहतात. त्यांची गोष्ट निराळी. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वापायी त्यांना सैन्यातून वैद्यकीय कारणावर बाहेर यावं लागलं. त्यांचं अपंगत्व निवृत्तिवेतन, त्यातला सेवेचा भाग आणि अपंगत्वाचा भाग दोन्ही धरून, करमुक्त आहे. तिथे अपंगत्व उत्पन्नालाच चिकटलेलं आहे. पण त्यांच्याच तुकडीतले, पूर्ण सेवा करून वयानुसार निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, त्यांनाही अपंगत्वाचा भाग मिळतो. आणि जून २०१९चं प्राप्तिकर खात्याचं परिपत्रक म्हणतं की अशांना माफी नाही. जखम दोघांची नोकरीतलीच. एक त्या जखमेमुळे घरी आला, दुसरा जखमेसकट नोकरी पुरी करून आला. पुन्हा तेच: किती दुखलं हे कुठे विचारत नाहीत, दार कोणतं हे विचारतात.

८०यू फक्त जुन्या प्रणालीत आहे. नवीत ती नाही, आणि नवी ही आता आपोआप निवडलेली असते. म्हणजे कोणी काही न करता पुढे गेलं तर त्याचं अपंगत्व त्या कागदावर उमटतच नाही. यावर माझा राग आहे, पण रागाचा रकाना रिटर्नमध्ये नसतो. मी दोन्ही प्रणालींनी हिशेब मांडला.

व्याज दोन्हीकडे सारखंच, १,८७,३००. त्यातले ९,३०० बचत खात्याचे. बाकी १,७८,००० जुन्या ठेवींचे आणि एससीएसएसचे. या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत मला साठीच्या आत जाता आलं, कारण ५५ पूर्ण झालेल्याने निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडलं तर चालतं. मी १ ऑगस्टला ३० लाख टाकले, ८.२ टक्क्यांनी. नावात ‘ज्येष्ठ नागरिक’ असल्याने मी स्वतःला ज्येष्ठ समजून बसले आणि बँकेत जाऊन १५एच, म्हणजे व्याजावर कर कापू नका असं सांगणारा ज्येष्ठांचा फॉर्म, मागितला. काउंटरवरच्या मुलीने माझी जन्मतारीख बघून तो हळूच परत घेतला. करासाठी ज्येष्ठ म्हणजे साठ पूर्ण. व्याजावरची पन्नास हजारांची वजावट, जुन्या प्रणालीतली तीन लाखांची मर्यादा, आगाऊ करातून सुटका, हे सगळं साठीनंतर. मला अजून बचत खात्याच्या व्याजापुरती दहा हजारांची ८०टीटीए हीच वजावट. अठ्ठावन्नाला निवृत्त होणाऱ्याची ही दोन वर्षं मोठी विचित्र असतात. घरी सगळे म्हातारी म्हणतात आणि कायदा तरुण म्हणतो.

नव्या प्रणालीने: पगार, पेन्शन आणि रजेचे करपात्र १४,७०० मिळून ३,६६,१५०, त्यातून ७५,००० वजा. फॅमिली पेन्शनमधून २५,००० वजा. व्याज पूर्ण. एकूण ७,९१,८५०. सात लाखांच्या आत असते तर सूट मिळून कर शून्य झाला असता. वर गेल्याने तीन लाखांपासून सगळ्याच टप्प्यांचा कर बसला. उपकर धरून ३०,३५०.

जुन्या प्रणालीने: प्रमाणित वजावट ५०,०००, फॅमिली पेन्शनची १५,०००, त्यामुळे सुरुवातीचा आकडा ८,२६,८५०, म्हणजे नवीपेक्षा जास्त. त्यातून ८०सीचे, म्हणजे बचत-गुंतवणुकीवरच्या वजावटीचे, दीड लाख गेले. एससीएसएसमध्ये टाकलेली रक्कम त्यात धरता येते, ती मर्यादा आपसूक भरली. आरोग्य विम्याचा हप्ता २२,०००. बचत खात्याचे ९,३००. आणि ८०यूचे ७५,०००. उरले ५,७०,५५०. कर उपकरासह २७,६७०.

२,६८० रुपयांचा फरक. आता हेच ८०यू काढून बघितलं तर जुन्या प्रणालीचा कर ४३,२७० होत होता, म्हणजे नवी कितीतरी स्वस्त पडली असती. भाच्याने गणकयंत्रावर वजाबाकी केली आणि म्हणाला, “मावशी, तुझ्या पायाचे १५,६०० रुपये आले.” मी त्याला चापट मारली, पण आकडा बरोबर होता.

आणखी एक पेच यातूनच सुटला. साठीच्या आतल्या माणसाने, टीडीएस वजा जाता वर्षाचा कर दहा हजार किंवा जास्त निघत असेल, तर तो मार्चच्या आत आगाऊ भरायचा असतो. नाहीतर दर महिन्याला एक टक्का व्याज. मी अर्थातच काही भरलं नव्हतं. नोकरी असताना कंपनी कापायची, त्यामुळे आगाऊ कर ही धंदेवाल्यांची भानगड असं मी धरून चालले होते. बँकेने १७,८०० कापले होते. नव्या प्रणालीत १२,५५० उरत होते, म्हणजे वर व्याजही आलं. जुन्या प्रणालीत उरले ९,८७०. दहा हजारांच्या उंबऱ्याच्या १३० रुपये अलीकडे. एवढ्या थोडक्यात मी पूर्वी फक्त एकदाच वाचले होते, स्टोअर्सच्या जिन्यावर.

प्रत्यक्ष भरताना जास्त नाट्य झालं नाही. ग्रॅच्युइटी आणि रजा आधी पूर्ण पगारात दाखवायची आणि मग कलम १०च्या यादीतून त्यांची माफी घ्यायची, हे मात्र सांगून ठेवते; मी पहिल्यांदा थेट पगारातच गाळून टाकली आणि आकडा फॉर्म १६शी जुळेना. फॅमिली पेन्शनचा पर्याय इतर स्रोतांच्या यादीत निवडला की वजावट यंत्रणाच लावते. ८०यूला अपंगत्वाचा प्रकार आणि यूडीआयडी क्रमांक टाकला. फॉर्म १०-आयए मला लागला नाही. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. यूडीआयडी टाइप करताना एकदा पोर्टलने बाहेर काढलं, कारण चष्मा शोधण्यात माझी वेळ संपली होती. ९,८७० ऑनलाइन भरले, चलनाची नोंद केली, आधारच्या ओटीपीने पडताळणी केली. भाचा तोवर झोपला होता.

महिन्याभराने कलम १४३(१)ची सूचना ईमेलने आली. दोन रकाने शेजारी शेजारी, एकात मी लिहिलेले आकडे, दुसऱ्यात त्यांनी काढलेले. शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत गेले. देय शून्य, परतावा शून्य. स्टोअर्समध्ये वार्षिक मोजणी जुळली की आम्ही चहा मागवायचो. मी एकटीच होते, एकच कप केला.

आर्थिक वर्ष २०२५-२६पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नाही. एप्रिल २०२६पासून तर कायदाच नवा, कलमांचे आकडे बदललेले, मी पाठ केलेलं रजेच्या माफीचं कलम १०(१०एए) फुकट. पगार आता नाही, माझं एकूण उत्पन्न बारा लाखांच्या खूपच खाली. म्हणजे पुढच्या रिटर्नला मी नवी प्रणाली घेणार, कर शून्य होणार, आणि पायाचा उल्लेख कुठेच करावा लागणार नाही.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मग ते सर्टिफिकेट आता आत टाकून दे.”

कार्ड पर्समध्येच ठेवलंय. एसटीत बाई म्हणून निम्मं तिकीट पडतं आणि अपंग म्हणून पाव. कंडक्टर विचारतो, कोणती सवलत लावू?